दोन साडू, एक खिंड

बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा आपल्याला आवडलाच पाहिजे असा काही कायदा नाही. मास्तरांना मात्र तो आवडत होता, आणि तिथेच पंचाईत झाली. नावडत्या माणसाने केसाने गळा कापला तर चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. आवडत्याने कापला की शिव्यासुद्धा घशात अडकतात.

मास्तर शाळेतले नव्हेत, ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. उभा जन्म दुसऱ्याच्या वतीने ब्रेक दाबण्यात गेल्यामुळे त्यांचा असा पक्का समज झाला होता की जगात कुणालाच वेळेवर थांबता येत नाही. बायको नवे पडदे घ्यायला निघाली की मास्तर ब्रेक दाबायचे. मुलीने केस कापायचं काढलं की पुन्हा ब्रेक. घरच्यांनी त्यांना सांगण्याआधी कामं उरकून घ्यायची सवय लावून घेतली होती, आणि यात घरच्यांचं फारसं चुकत नव्हतं.

धाकटे साडू दातांचे डॉक्टर. माणूस गोडबोल्या. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी गप्पा मारण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आपल्याला कुणी उत्तर देत नाही हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही.

या दोघांना एक नाद होता. डोंगरांतून बोगदे झाले तशी सगळी वाहतूक पोटातून जायला लागली आणि वरच्या जुन्या खिंडी ओस पडल्या. डांबर उखडलं, कठडे ढासळले, रस्त्यात झुडपं उगवली. अशा टाकून दिलेल्या खिंडी हुडकायच्या आणि एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं, सायकलने. मास्तरांची मुलगी लहान असल्यापासून त्यांच्यामागे छोटी सायकल रेटत यायची. रडायची, पण उतरायची नाही.

खिंडीत फोनला रेंज नसते आणि फाटे मात्र फार. म्हणून मास्तरांनी एक नियम केला होता. फाटा आला की जो पुढे असेल त्याने दोन्ही वाटा थोड्या चालून बघायच्या, आणि मग बरोबर वाटेकडे तोंड करून जमिनीवर दगडांचा बाण मांडायचा. मागच्याने काही बघायचं नाही. बाण दिसला की तो मोडायचा, दगड बाजूला फेकायचे, म्हणजे पुढे कधी कुणाची फसगत नको, आणि मुकाट्याने बाणाच्या दिशेने जायचं. मागच्याने डोकं चालवलं तर मास्तर रागवायचे. "पुढच्याने डोकं चालवलंय ना? मग तू पाय चालव!" इतक्या वर्षांत एकही बाण चुकला नव्हता. घरात ज्या दिवशी कुणाचं कुणाशी पटत नसे त्या दिवशीही रस्त्यातला बाण खरा असायचा.

आता भांडणाचं. मागच्या हिवाळ्यात मास्तरांनी आपल्या गाडी शिकवायच्या शाळेची पाटी नव्याने रंगवून घेतली आणि जुन्या नावापुढे "आणि कन्या" असे दोन शब्द वाढवले. मुलगी बाहेर आली, पाटी पाहिली, "छान झालीय" म्हणाली आणि घरात गेली. त्या वेळी तिचे भूगर्भशास्त्राच्या प्रवेशाचे कागद डॉक्टरांच्या दवाखान्यातून रवाना झालेले होते. काकांनीच माहिती काढली होती, काकांनीच मुलाखतीची तयारी करून घेतली होती. बायकोला माहीत, मेहुणीला माहीत, दवाखान्यात कापूस देणाऱ्या बाईलाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त बापाला. त्याला कळलं ते जेवणाच्या टेबलावर, दूरच्या शहरात खोलीसुद्धा ठरल्यावर.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलीवर ओरडता येईना, कारण ओरडलं की ती गप्प बसायची आणि तिचं गप्प बसणं त्यांना सोसत नव्हतं. मग सगळा राग साडूंवर गेला. पोरगी आपली, रस्ता दाखवणार आपण, आणि मधल्यामध्ये हा दात उपटणारा कोण?

मुलगी निघायला चार दिवस उरले तेव्हा तिनेच तोडगा काढला. "एक खिंड राहिलीय ना तुमची? ती करा दोघं. मी गाडी घेऊन पलीकडे थांबते. येताना बोलत बोलत या, बाबा. एवढंच मागते."

मास्तर हो म्हणाले. मुलीने मागितलं म्हणून. साडूंचं थोबाड बघायची हौस होती म्हणून नव्हे.

सकाळी जुन्या नाक्याच्या पडक्या खोलीपासून चढ सुरू झाला. मास्तर डॉक्टरांना आजवर "अरे, ए" करत आले होते. आज ते अचानक "आपण"वर आले. माणसाला दूर ढकलायला आदरासारखं दुसरं हत्यार नाही.

"मास्तर, तुमची चेन सैल वाजतेय," डॉक्टर मागून म्हणाले. "थांबून बघू का?"

"नको, डॉक्टरसाहेब. आपण दात बघा."

डॉक्टर दोन वळणं मागेच राहिले. मग सायकल शेजारी आणत म्हणाले, "तिनेच सांगू नका म्हटलं होतं हो. मी काय करणार?"

"का सांगू नका म्हटलं?"

"तुम्हाला माहितीये."

"मला काहीच माहीत नसतं. त्याबद्दल आपली ख्याती आहे ना, मला काही कळू न देण्याबद्दल?"

"ती घाबरली होती," डॉक्टर म्हणाले. "म्हणाली, बाबाला कळलं की तो ब्रेक दाबेल. आणि तिचं खरं होतं, मास्तर. तुम्ही दाबलाच असता."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीने आपल्याबद्दल असं म्हणावं, आणि तेही याच्यापाशी? तेवढ्यात डॉक्टरांच्या मागच्या चाकातून फुस्स आवाज आला.

"पंक्चर," डॉक्टर उतरून म्हणाले. "थांबताय ना?"

"आपल्याला माझी मदत कशाला? आपली सगळी कामं माझ्याशिवाय व्यवस्थित होतात," मास्तर म्हणाले आणि मान न वळवता पुढे निघाले. पंक्चर झालेल्याला सोडून पुढे जायचं ही गोष्ट त्यांनी आजवर कधी केली नव्हती. त्यांना ती सोपी गेली, आणि सोपी गेली याचा आणखी राग आला.

फाटा आला तेव्हा धुकं उतरायला लागलं होतं. एक रस्ता रुंद आणि सरळ, दुसरा गवताने झाकलेला, एका मोठ्या खडकामागे वळणारा. मास्तरांनी सवयीने सायकल आडवी टाकली. रुंद रस्ता थोडा चालून पाहिला. पुढे दगडाच्या बंद पडलेल्या खाणीची लोखंडी चौकट उभी होती. गवतातला रस्ता पाहिला. त्याच्या टोकाला डोंगराच्या कण्यात पडलेली खाच दिसत होती, म्हणजे खिंड तिकडे. त्यांनी दगड गोळा केले आणि गवताकडे तोंड करून झकास बाण मांडला.

मग त्या बाणाकडे बघत उभे राहिले. हा बाण कुणासाठी? ज्याने आपल्या पोरीला आपल्या पाठीमागे वाट दाखवली त्याच्यासाठी? जाऊ दे की त्याला खाणीत! घामाघूम होऊन परत येईल, तोवर आपण पलीकडे पोरीजवळ. ती विचारेल, काका कुठेत? आपण म्हणायचं, "काकांना वाट सापडली नसेल. त्यांना सगळ्याच वाटा ठाऊक असतात असं थोडंच आहे?"

त्यांनी बाण बुटाने मोडला आणि हाताने पुन्हा मांडला, खाणीकडे तोंड करून. अगदी व्यवस्थित, टोक नीट जुळवून. वाईट कामातही माणसाचा हात आपली सफाई सोडत नाही.

त्यानंतरचा चढ त्यांनी गुणगुणत काढला. खिंडीच्या तोंडाशी आले, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं, शेवटचं वळण उभं राहून मारायचं म्हणून त्यांनी पायडलवर जोर दिला आणि चेन तुटली. सैल होती, तुटली. चेन जोडायचं अवजार कुणाच्या पिशवीत, तर डॉक्टरांच्या. नेहमीची वाटणी होती ती. आणि डॉक्टर कुठे, तर मास्तरांनी पाठवले होते तिथे.

सायकल ढकलत उतरता आलं असतं. पण थोडं उतरून पाहिलं तर पलीकडचा उतार खड्ड्यांनी भरलेला, धुकं दाट, आणि हातात बिनचेनची सायकल घेऊन लेकीसमोर लंगडत जायचं? मास्तर खिंडीत परतले आणि कठड्याच्या आडोशाला बसले. ज्याला वाटेला लावलं त्याचीच वाट बघत बसायची वेळ आली होती.

डॉक्टर आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. एक कोपर सोललेलं, त्यावर रुमाल बांधलेला.

"खाणीत गेलो होतो," ते म्हणाले. "बाण तिकडे होता."

"असं? वाऱ्याने हलला असेल."

"दगड होते, मास्तर."

"मग एखाद्या जनावराने हलवले असतील."

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. रुग्ण "मी गोड खातच नाही" म्हणतो तेव्हा ते असंच बघत असावेत. "असेल," ते म्हणाले. मग तुटलेली चेन दिसली तसे गुडघ्यावर बसले, पिशवीतून अवजार काढलं आणि बारीक कामाला सरावलेल्या बोटांनी ती जोडून दिली. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. हे उपकार मात्र त्यांच्या अंगाला खाजकुयलीसारखे लागले.

"मी पुढे निघतो," डॉक्टर सायकलवर बसत म्हणाले. "आज तुमच्यामागे यायची माझी इच्छा नाही."

ते धुक्यात दिसेनासे झाले. मास्तर मुद्दाम थोडं थांबून निघाले.

उतारावर बरंच खाली दुसरा फाटा आला. डांबरी रस्ता, तुटका का होईना पण रुंद, उजवीकडे वळत होता. डावीकडे झुडपांतून एक पायवाट घसरत होती, सायकल खांद्यावर घ्यावी लागेल अशी. फाट्यावर दगडांचा बाण होता. त्याचं तोंड पायवाटेकडे.

मास्तर थांबले आणि मोठ्याने हसले. वा रे डॉक्टर! जशास तसं काय? सरळ रस्ता सोडून आम्हाला काट्यांत पाठवतोस, आणि स्वतः डांबरावरून पोरीकडे जाऊन बसतोस! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. सकाळपर्यंत मास्तरांच्या जगात बाण खोटा असूच शकत नव्हता. आता त्यांना खोटाच दिसला. त्यांनी वाटा चालून पाहिल्या नाहीत. बाण मोडलाही नाही. राहू दे तसाच, म्हणाले, पुरावा म्हणून लेकीला दाखवू. आणि उजवीकडे सुटले.

पहिलं वळण सरलं. दुसऱ्या वळणावर रस्ता नव्हता. पावसाळ्यात कधीतरी अख्खा तुकडा खाली गेला होता आणि डांबराची कड हवेत लोंबत होती. मास्तरांनी दोन्ही ब्रेक दाबले. ओल्या खडीवर चाकं घसरत राहिली, सायकल कडेवरून गेली आणि मास्तर तिच्यामागून गेले.

फार खोल गेले नाहीत. एका झाडोऱ्याच्या पट्ट्यावर आपटून अडकले. डावा हात खांद्यापासून लुळा पडला होता आणि हलवला की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सायकल आणखी खाली कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. मग काही नाही. ते ओरडले, धुक्याने ओरडणं गिळलं.

तिथे पडल्यापडल्या मास्तरांना आपली चूक कळली असेल असं कुणाला वाटेल. छे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते विचार करत होते, बाण खरा होता, म्हणजे डॉक्टर इथवर येऊन, तुटलेला रस्ता बघून परत गेला. मग त्याला माहीत असणार की मी बाणावर विश्वास ठेवणार नाही. माहीत असूनही खरा बाण मांडला, काय लबाड माणूस आहे! हे असं पुष्कळ वेळ चाललं. मग थंडी वाजायला लागली आणि राग पुरेना. मग भीती वाटली, साधी, पोटातली भीती, की मुलगी पलीकडे उभी राहील आणि आपण येणारच नाही.

दुपार कलल्यावर वरून हाक आली. "बाबा!" तिच्या आवाजात मास्तरांनी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. ते जिवाच्या आकांताने ओरडले.

गाडी ओढायचा दोर कठड्याच्या लोखंडी खुंटाला बांधून डॉक्टर खाली उतरले. कोपरावरचा रुमाल सोडून, त्याला स्वतःचा शर्ट जोडून त्यांनी मास्तरांचा हात छातीशी बांधला.

"दाताच्या डॉक्टरने हाडाला हात लावायचा नसतो," मास्तर दात-ओठ खात म्हणाले.

"मग इथेच थांबता? हाडवाला पाठवतो उद्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही स्वर आता गोड राहिला नव्हता. "दुखेल. ओरडलात तर वर ती घाबरेल. तेव्हा ओरडायचं नाही."

मास्तर ओरडले नाहीत. दोघांनी ओढून त्यांना रस्त्यावर घेतलं. मुलीने त्यांना घट्ट धरलं, तोंडावरची माती पुसली, पाणी पाजलं. मग ती समोर उकिडवी बसली.

"बाबा, बाण जागेवर होता."

"धुकं होतं गं."

"मागच्याने तो मोडायचा असतो. तू मोडला नाहीस. पण तुझ्या चाकाची खूण त्याच्यापाशी थांबलीय. बुटाचे ठसे आहेत. मग खूण उजवीकडे गेलीय." ती सावकाश बोलत होती, वाट पाहिल्यासारखी. "तुला दिसला होता. मग गेला का नाहीस?"

मास्तर बांधलेला हात चाचपायला लागले.

"अगं, राहू दे आता," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा खांदा बघ."

तिने डॉक्टरांच्या सोललेल्या कोपराकडे पाहिलं. "काका, तुम्ही खाणीच्या रस्त्यावर पडलात म्हणालात. खाणीकडे कशाला गेला होतात? बाबा तुमच्या पुढे होता ना?"

"माझीच चूक. बाण नीट पाहिला नाही मी."

आता मास्तरांना फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. रस्ता आयता मोकळा करून दिला होता. पण तो दिला होता कुणी? चेन यानेच जोडली, दोर धरून हाच उतरला, हात यानेच बांधला, आणि आता लेकीसमोर अब्रूही हाच वाचवणार? उरलेला जन्म या माणसाच्या गप्प बसण्याखाली काढायचा? मास्तरांना ते मेल्याहून वाईट वाटलं. पश्चात्ताप वगैरे पुढच्या गोष्टी. त्या क्षणी त्यांनी खरं बोलायचं ठरवलं ते निव्वळ हट्टापायी.

"खोटं बोलतायत ते," मास्तर म्हणाले. "बाण मी फिरवला. खाणीकडे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मास्तर तयार होते, भांडायला शब्दही जमवले होते. राग आला नाही. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, जणू त्यांच्यातलं काहीतरी जागेवर आहे का ते तपासत होती. मग उठली, दोर सोडला आणि कोपरावर गुंडाळायला लागली. डॉक्टर दुसरीकडे बघत होते. आपण एवढं वाचवायला गेलो आणि या गाढवाने घालवलं, असा संताप त्यांच्या मानेवर स्पष्ट दिसत होता.

पायवाटेने उतरून गाडीपर्यंत यायला फार वेळ लागला. मास्तरांना मागच्या सीटवर बसवलं, डॉक्टर पुढे बसले, मुलीने गाडी काढली. ती आली त्या रस्त्याने जवळपास दवाखाना नव्हता. दुसऱ्या बाजूच्या गावात होता आणि तिकडचा रस्ता तिघांत फक्त मास्तरांनी पाहिलेला. बाहेर संध्याकाळ होत आली होती.

जंगलातून थोडं गेल्यावर फाटा आला. पाटी नव्हती.

"डावीकडे," मास्तर मागून म्हणाले.

या मुलीला गाडी त्यांनीच शिकवली होती. त्यांच्या तोंडून शब्द पुरता बाहेर पडायच्या आत तिचं चाक वळायचं. आज तिने गाडी थांबवली आणि दार उघडून उतरली. डावीकडच्या रस्त्यावर चालत गेली, वळणापर्यंत जाऊन आली. मग उजवीकडच्या रस्त्यावर गेली आणि तिथेही वाकून जमीन बघायला लागली.

"डावीकडेच आहे गं," मास्तर म्हणाले. काच वर होती, तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ऐकलं ते डॉक्टरांनी, आणि त्यांनी मान खाली घातली.

ती परत येऊन बसली, पट्टा लावला आणि गाडी डावीकडे घेतली.